'चोवीस टक्के स्विंग' म्हणजे नेमके किती? ब्रिटनमधल्या कौन्सिल पोटनिवडणुकांचे निकाल वाचताना

प्रश्न थोडक्यात असा: ब्रिटनमध्ये जवळपास दर गुरुवारी कुठल्या ना कुठल्या कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या) वॉर्डात पोटनिवडणूक असते आणि शुक्रवारी सकाळी आकडे फिरू लागतात. एकाच वॉर्डाचा स्विंग, म्हणजे दोन पक्षांमधला टक्केवारीचा झुकाव, एक जण साडेचौदा सांगतो, दुसरा चोवीस. खरा कोणता? आणि स्वतः नोंद ठेवायची तर कशी?

दोन्ही आकडे हिशेबाने बरोबर असू शकतात. आजच्या मतांबद्दल सहसा वाद नसतो, ती निवडणूक अधिकारी सहीनिशी जाहीर करतो. घोळ असतो तो 'मागच्या वेळी किती होती' यात. म्हणून स्विंगचा कुठलाही आकडा दिसला की आधी विचारायचं: तुलना कुठल्या वर्षाशी केली, आणि त्या वर्षीची टक्केवारी काढली कशी? याचं उत्तर मिळेपर्यंत तो आकडा पुढे पाठवू नये.

नावांचं आधी उरकतो. लेबर म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांचा मजूर पक्ष, कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर पक्ष. लिबरल डेमोक्रॅट्सना लिब डेम म्हणतो. बाकी ग्रीन आणि रिफॉर्म यूके.

आता स्विंगचं मूळ सूत्र. निवडणूक-अभ्यासक डेव्हिड बटलर यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत सगळ्यात जास्त वापरात आहे: एका पक्षाची टक्केवारी जितकी वाढली आणि दुसऱ्याची जितकी घटली, त्यांची बेरीज करून निम्मी करायची. स्वच्छ उदाहरण संसदेच्या पोटनिवडणुकीचं घेऊ, कारण तिथे जागा एकच असते. रनकॉर्न अँड हेल्सबी, १ मे २०२५. मजूर पक्ष २०२४ मध्ये ५२.९ टक्के होता, तो ३८.७ वर आला, घट १४.२. रिफॉर्म १८.१ वरून ३८.७ वर, वाढ २०.६. बेरीज ३४.८, निम्मे १७.४. मजूर पक्षाकडून रिफॉर्मकडे १७.४ टक्के स्विंग. विजयी मताधिक्य होतं फक्त ६ मतांचं, पण स्विंगला मताधिक्याशी देणंघेणं नसतं.

दुसरी रीत मायकेल स्टीड यांच्या नावाची. तिच्यात फक्त दोन पक्षांची मतं घेतात, बाकीच्यांना वगळून त्या दोघांमधला वाटा काढतात आणि त्या वाट्यातला फरक हाच स्विंग. तिसरा-चौथा पक्ष मोठा असेल तिथे दोन्ही रीतींची उत्तरं फार लांब जातात. नोंद ठेवताना एकच रीत धरा आणि ती वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा.

खरी गंमत कौन्सिलच्या वॉर्डात सुरू होते.

इंग्लंडमधल्या पुष्कळ वॉर्डांत दोन किंवा तीन नगरसेवक असतात. पुणे-ठाण्याचा प्रभाग माहीत असलेला माणूस इथे हमखास फसतो. आपल्या चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा असतात, प्रत्येक जागेची लढत वेगळी, मत वेगळं. ब जागा रिकामी झाली की मागच्या ब जागेचा निकाल काढला, तुलना तयार. इंग्लंडमध्ये तसं नाही. सगळे उमेदवार एकाच यादीत, आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने. तीन जागा असतील तर मतदाराला तीनपर्यंत मतं, आणि पहिले तीन निवडून येतात. म्हणजे 'या जागेला मागच्या वेळी किती मतं पडली' या प्रश्नाला सरळ उत्तरच नसतं. मग टक्केवारी काढायची कशी?

काल्पनिक वॉर्ड घेऊ. जागा तीन. मागच्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या तिघांना १,५००, १,४२० आणि १,३३० मतं. हुजूर पक्षाच्या तिघांना १,२००, १,१५० आणि १,१००. लिब डेमनी एकच उमेदवार दिला, त्याला ७००. ग्रीनचाही एकच, त्याला ६००. मतपत्रिका साधारण ३,५०० धरू.

पहिली पद्धत सगळ्या मतांची बेरीज करण्याची. मजूर ४,२५०, हुजूर ३,४५०, लिब डेम ७००, ग्रीन ६००, एकूण ९,०००. टक्केवारी: मजूर ४७.२, हुजूर ३८.३, लिब डेम ७.८, ग्रीन ६.७.

दुसरी पद्धत प्रत्येक पक्षाच्या सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या उमेदवाराची. १,५००, १,२००, ७००, ६००, एकूण ४,०००. टक्केवारी: मजूर ३७.५, हुजूर ३०, लिब डेम १७.५, ग्रीन १५.

तिसरी पद्धत प्रत्येक पक्षाच्या उमेदवारांची सरासरी घेण्याची. इथे मजूर ३६.६, हुजूर २९.७, लिब डेम १८.१, ग्रीन १५.५.

दुसरी आणि तिसरी जवळजवळ येतात, पहिली भलतीकडे जाते. कारण उघड आहे: लिब डेमचा एकच उमेदवार असल्याने त्यांच्या मतदाराचं मत बेरजेत एकदाच मोजलं गेलं, मजूर पक्षाच्या मतदाराचं तीनदा.

आता पोटनिवडणूक झाली. लिब डेम ८००, मजूर ६२०, हुजूर ३८०, ग्रीन २००, एकूण २,०००. म्हणजे ४०, ३१, १९ आणि १० टक्के. सर्वाधिक मतांची पद्धत धरली तर लिब डेम २२.५ ने वर, मजूर ६.५ ने खाली, स्विंग १४.५. बेरजेची पद्धत धरली तर लिब डेम ३२.२ ने वर, मजूर १६.२ ने खाली, स्विंग २४.२. वॉर्ड एक, मतं तीच, आणि जवळजवळ दहा अंकांचा फरक नुसत्या पद्धतीतून आला. दुसरी पद्धत वापरून स्टीड स्विंग काढलात तर तोही २४.५ येतो, म्हणजे गोंधळात आणखी भर.

माझं मत स्पष्ट आहे: एकाहून अधिक जागांच्या वॉर्डात बेरजेची पद्धत वापरू नये. सर्वाधिक मतांची वापरा. तिच्यातही एक खोट आहे. एखादा जुना, घराघरात ओळखीचा नगरसेवक स्वतःच्या नावावर दीड-दोनशे मतं जास्त खेचतो, आणि तोच वारला किंवा त्याने राजीनामा दिला की पोटनिवडणुकीत पक्षाची घसरण आहे त्याहून मोठी दिसते. आडनाव अक्षरक्रमात वर असलेल्यालाही थोडा फायदा होतो. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या उमेदवाराच्या मतांत मोठं अंतर असेल तर सरासरीही काढून शेजारी लिहा. आणखी एक: ४,००० ही बेरीज म्हणजे मतदारांची संख्या नव्हे. मतपत्रिका ३,५०० च होत्या. काही लोकांनी मतं दोन पक्षांत वाटली होती.

याच उदाहरणात लिब डेमच्या कच्च्या मतांकडे पाहा. ७०० वरून ८००. 'चाळीस टक्के, दणदणीत विजय' या मथळ्यामागे फक्त शंभर मतांची वाढ आहे, तर मजूर पक्षाची ८८० मतं गेली. त्यातली किती घरी बसली आणि किती दुसरीकडे गेली हे निकालपत्रक सांगत नाही. तेव्हा 'मजूर पक्षाचे मतदार लिब डेमकडे वळले' असं कुणी लिहिलं तर तो अंदाज आहे, निकाल नव्हे. स्विंग हे फक्त दोन फरकांचं निम्मं आहे. त्यातून माणसांची ये-जा वाचता येत नाही.

कौन्सिलच्या पोटनिवडणुकीत मतदान बहुधा २० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान होतं. पोस्टाने येणाऱ्या मतांचा वाटा मोठा असतो आणि त्या मतपत्रिका मतदानाच्या बऱ्याच आधी घरी पोचतात. म्हणून मंगळवारी लंडनमध्ये काही राजकीय भूकंप झाला आणि गुरुवारच्या निकालात त्याचा परिणाम दिसला, असं म्हणताना जरा दमाने.

आता तुलनेचं वर्ष. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, तेव्हा थोडा वेळ थांबू.

इंग्लंडमध्ये काही कौन्सिलांची सगळी निवडणूक चार वर्षांतून एकदा होते. लंडनच्या बरो (तिथल्या स्थानिक कौन्सिल) त्यातल्या, २०१८, २०२२, २०२६. काउंटी कौन्सिलांची २०२१ आणि २०२५ (त्यातल्या सात काउंट्यांत कौन्सिलांच्या पुनर्रचनेमुळे २०२५ ची निवडणूक एक वर्ष पुढे ढकलली, म्हणून तिथे तुलनेचा पाया २०२१ चाच राहिला). पण बऱ्याच शहरी कौन्सिलांत चारपैकी तीन वर्षी एकेक तृतीयांश जागा निवडतात. तीन सदस्यांच्या वॉर्डात तिघे तीन वेगवेगळ्या वर्षी आलेले. समजा रिकामी झालेली जागा २०२२ मध्ये हुजूर पक्षाने जिंकली होती. त्यानंतर त्याच वॉर्डात २०२३ आणि २०२४ मध्ये दुसऱ्या दोन जागांसाठी मतदान झालं आणि दोन्ही वेळा मजूर पक्ष मोठ्या फरकाने आला. २०२५ मध्ये पोटनिवडणूक होते आणि मजूर पक्ष कसाबसा जिंकतो. बातमी येते: 'मजूर पक्षाने हुजूर पक्षाकडून जागा खेचली.' ते खरं आहे. आणि २०२४ च्या तुलनेत मजूर पक्षाची टक्केवारी पंधराने घसरली, हेही खरं. जागेचा हिशेब जागेच्या मागच्या मालकाशी करायचा, टक्केवारीचा हिशेब वॉर्डातल्या सगळ्यात अलीकडच्या मतदानाशी. दोन रकाने वेगळे ठेवा, म्हणजे ही गफलत होणारच नाही.

पक्षांतर हा आणखी एक उपद्रव. मजूर पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला, मध्ये अपक्ष झालेला, मग राजीनामा दिलेला. ती जागा मजूर पक्षाने पुन्हा जिंकली तर 'राखली' की 'अपक्षाकडून मिळवली'? दोन्ही प्रथा चालतात. मागच्या निवडणुकीचा पक्ष धरणं मला जास्त पटतं, कारण मतदारांनी मत दिलं होतं ते त्याला.

तुलनेच्या वर्षी देशात वारं कुठलं होतं, हे कळल्याशिवाय घसरण मोठी की लहान हे ठरवता येत नाही. त्यासाठी बीबीसी दरवर्षी मेच्या निकालांवरून काढते तो 'प्रोजेक्टेड नॅशनल शेअर' उपयोगी पडतो. जॉन कर्टिस आणि त्यांचे सहकारी हे काम करतात. त्या दिवशी सगळ्या ब्रिटनमध्ये कौन्सिलचं मतदान झालं असतं तर पक्षांना किती टक्के पडले असते, याचा हा अंदाज. आकडे असे, क्रम मजूर, हुजूर, लिब डेम:

२०२१: २९, ३६, १७
२०२२: ३५, ३०, १९
२०२३: ३५, २६, २०
२०२४: ३४, २५, १७
२०२५: २०, १५, १७, आणि त्या वर्षी रिफॉर्म ३०, ग्रीन ११

हे कोष्टक वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवण्यासारखं आहे. २०२१ हे हुजूर पक्षाचं भरभराटीचं वर्ष होतं. तेव्हाच्या पायाशी तुलना करून २०२५ मध्ये त्यांचा एखादा वॉर्ड २१ अंकांनी खाली गेला, तर ती बातमी नाही; देशभर तेवढंच झालं. तोच वॉर्ड ८ अंकांनीच घसरला असेल तर थांबून पाहावं, तिथे काहीतरी वेगळं घडलंय. २०२३ शी तुलना असेल तर देशपातळीवरची घट ११ च धरायची. नुसतं 'हुजूर पक्ष उणे वीस' हे पायाचं वर्ष माहीत नसताना निरर्थक असतं.

देशपातळीची घट वॉर्डाला लावायच्या दोन रीती आहेत आणि टोकाच्या वॉर्डांत दोन्ही फसतात. सरसकट वजाबाकी केली तर २०२१ मध्ये १८ टक्के असलेल्या वॉर्डात २०२५ ला उणे ३ टक्के यायला हवेत, जे शक्यच नाही. प्रमाणात घट लावली तर ३६ चे १५ झाले, म्हणजे शंभरातले ४२ टिकले. ६० टक्क्यांच्या बालेकिल्ल्यात २५ उरायला हवेत. सरसकट वजाबाकीने तिथेच ३९ येतात. प्रत्यक्ष निकाल बहुधा या दोहोंच्या मध्ये पडतो. दोन्ही अंदाज लिहा. निकाल २५ ते ३९ च्या आत असेल तर 'वाऱ्याप्रमाणे' म्हणून पुढे जा. बाहेर गेला तरच वेळ घालवा.

या आकड्यांशी वर्तमानपत्रांतल्या जनमत चाचण्या मिसळू नका. लिब डेम कौन्सिलच्या मतदानात संसदेच्या चाचण्यांपेक्षा सहसा वर असतात, अपक्ष आणि रहिवासी संघटना तर चाचण्यांत दिसतही नाहीत. एप्सम अँड यूएल ही कौन्सिल १९३७ पासून रहिवासी संघटनेच्या ताब्यात आहे. तिथे कुठला राष्ट्रीय स्विंग मोजणार? निवडणूक-अभ्यासक कॉलिन रॅलिंग्ज आणि मायकेल थ्रॅशर हेही राष्ट्रीय अंदाज काढतात, पण त्यांची पद्धत वेगळी आणि आकडे बीबीसीपेक्षा काही अंकांनी इकडेतिकडे. एकाचं २०२१ आणि दुसऱ्याचं २०२५ घेऊन वजाबाकी केली की ती चूक शोधून सापडत नाही.

उमेदवार नसण्याचा परिणाम हा पुढचा सापळा. रिफॉर्मने २०२२ मध्ये पुष्कळ ठिकाणी उमेदवारच दिले नव्हते. अशा वॉर्डात आता त्यांना ३५ टक्के मिळाले तर काही जण 'अधिक ३५' लिहितात आणि त्यावरून मजूर पक्षाकडून स्विंग काढतात. मागे शून्य मतं मिळणं आणि मागे उभंच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे 'नवीन' एवढंच लिहावं, स्विंगचा रकाना रिकामा ठेवावा. उलटही होतं: मागच्या वेळी १५ टक्के घेणारे ग्रीन या वेळी नाहीतच, आणि मजूर पक्ष ६ ने वाढला. ही वाढ त्यांची कमाई की ग्रीनच्या गैरहजेरीची देणगी, हे निकाल सांगू शकत नाही.

दोन्ही पक्ष घसरत असताना बटलर स्विंग तर चक्क दिशाभूल करतो. मजूर उणे २०, हुजूर उणे १०: सूत्र म्हणतं मजुरांकडून हुजूरांकडे ५ टक्के स्विंग. हुजूर पक्षाने तर दहा अंक गमावलेत. हल्ली पाच पक्षांच्या लढतीत हे वारंवार घडतं. म्हणून स्विंग फक्त पहिल्या दोन क्रमांकांत, आणि तेही दोघे मागच्या वेळी उभे असतील तरच. बाकी ठिकाणी प्रत्येक पक्षाचा नुसता फरक लिहिणं जास्त प्रामाणिक.

वॉर्डाची हद्दही तपासा. इंग्लंडमध्ये स्थानिक हद्दींचा आयोग ठरावीक काळाने वॉर्ड नव्याने आखतो, आणि जुनं नाव नव्या वॉर्डाला तसंच चिकटलेलं राहतं. नाव तेच, रस्ते वेगळे. नव्या आखणीनंतरचं मतदानच पाया धरायचं, त्याआधीचं काहीही चालत नाही.

स्कॉटलंडचं गणित निराळं. तिथे २००७ पासून कौन्सिलला पसंतीक्रमाची पद्धत आहे, एका वॉर्डात बहुधा तीन-चार नगरसेवक. पोटनिवडणुकीत जागा एक, म्हणून जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून अधिक लागतात आणि खालच्या उमेदवारांच्या पुढच्या पसंत्या वर सरकतात. दोन गोष्टी ध्यानात घ्या. इथे पायाच्या वर्षीची पक्षाच्या सगळ्या उमेदवारांची पहिल्या पसंतीची मतं एकत्र करायचीच, कारण प्रत्येक मतदाराची पहिली पसंती एकच असते. इंग्लंडमध्ये चूक ठरणारी बेरीज इथे बरोबर ठरते. दुसरं, 'जागा मिळवली' या शब्दाला तिथे फारसा अर्थ नाही. चार जागांत चौथ्या क्रमांकाने आलेल्या पक्षाचा नगरसेवक गेला, तर ती एकच जागा वॉर्डातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाकडे जाण्याची शक्यता जास्त. कुणाचं एक मतही न हलता. एडिनबराच्या कोलिंटन/फेअरमाइलहेड वॉर्डात मजूर पक्षाचा नगरसेवक खासदार झाल्याने जागा रिकामी झाली. १४ नोव्हेंबर २०२४ ला ती लिब डेमनी जिंकली, विजेत्याने लगेच राजीनामा दिला, आणि दहा आठवड्यांनी, २३ जानेवारी २०२५ ला, हुजूर पक्षाने. एकाच जागेला वर्षभरात तीन पक्ष.

वेल्समध्ये इंग्लंडसारखंच साधं बहुमत चालतं. उत्तर आयर्लंडमध्ये रिकामी जागा बहुधा त्याच पक्षाने नाव देऊन भरतात, त्यामुळे तिथल्या निकालांची वाट पाहू नका.

जागा रिकामी का झाली, हा रकानाही हवा. मृत्यू, राजीनामा, सहा महिने सभांना गैरहजेरी, तीन महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा, किंवा त्याच कौन्सिलची नोकरी असल्याने अपात्रता. कारणाप्रमाणे मतदाराचा मूड बदलतो. कौन्सिलच्या क्षेत्रातल्या दोन मतदारांनी लेखी मागणी केली की ३५ कामकाजाच्या दिवसांत निवडणूक घ्यावी लागते. मात्र नगरसेवकाची मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी उरले असतील तर सहसा पोटनिवडणूक होत नाही. मेमध्ये मुदत संपत असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीपासूनच्या जागा तशाच राहतात. अनामत रक्कम नसते, त्यामुळे 'डिपॉझिट जप्त' हा आपला आवडता निकष इथे लागू नाही. नावापुरते उमेदवार पुष्कळ असतात त्यामागे हेही एक कारण.

वरच्या कारणांमुळे जागांचा ताळेबंदही फसवा होतो. जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाचे कितीतरी नगरसेवक खासदार झाले आणि त्यांनी कौन्सिल सोडली. त्या शरद ऋतूत पोटनिवडणुका झाल्या त्यातल्या बऱ्याच जागा मुळात मजूर पक्षाच्याच होत्या. ज्याच्याकडे राखायला जास्त, त्याच्याकडे गमवायलाही जास्त. 'या महिन्यात मजूर पक्ष उणे ९' यापेक्षा 'राखायच्या १६ पैकी ७ राखल्या' हे वाक्य बरंच काही सांगतं.

आणि कधीकधी देशाचा वारा वॉर्डाच्या वेशीवरच थांबतो. लेस्टरच्या नॉर्थ इव्हिंग्टन वॉर्डात १३ ऑक्टोबर २०२२ ला हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून जागा घेतली. लिझ ट्रस यांचं सरकार त्याच आठवड्यात कोसळायला आलं होतं. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्र्यांची हकालपट्टी झाली. पण लेस्टर शहर ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या हिंदू-मुस्लिम तणावातून नुकतंच बाहेर पडत होतं आणि तिथल्या मतदारांची गणितं वेस्टमिन्स्टरची नव्हती. पुढे मे २०२३ मध्ये देशभर पडझड होत असताना त्याच शहरात हुजूर पक्षाने १७ जागा मिळवल्या. पोटनिवडणूक तेव्हा इशारा देत होती, फक्त लेस्टरपुरता. देशाच्या सरासरीत तो एक आकडा घालून कुणी हुजूर पक्ष सावरतोय म्हटलं असतं तर तोंडघशी पडलं असतं.

म्हणून एकट्या वॉर्डावरून देशाचं भाकीत करू नका. एका आठवड्यात बहुधा मूठभर निकाल असतात, तेही कुठे खेडं, कुठे किनारपट्टी. निदान तीन महिन्यांचे निकाल एकत्र करा, पायाचं वर्ष एकच असलेले वेगळे काढा, मग सरासरी. दोन्ही वेळा उभ्या असलेल्या पक्षांचीच.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवता येतो. मतदानाच्या १९ कामकाजाचे दिवस आधी, दुपारी चारला अर्ज बंद होतात. मग कौन्सिलच्या संकेतस्थळावर उमेदवारांची यादी येते. तुलनेचे आकडे तेव्हाच काढून ठेवा, निकालाच्या रात्री घाईत नको. जुने निकाल कौन्सिलच्या लोकशाही विभागाच्या पानांवर आणि अँड्र्यू टील यांच्या लोकल इलेक्शन्स आर्काइव्हमध्ये मिळतात, उमेदवारांसाठी डेमोक्रसी क्लब. पक्षांची वर्णनं नीट जुळवा: 'लेबर अँड को-ऑपरेटिव्ह' म्हणजे मजूर पक्षच, 'लोकल कॉन्झर्व्हेटिव्ह्ज' म्हणजे हुजूर, पण 'लिबरल पार्टी' म्हणजे लिब डेम नव्हे, तो वेगळा छोटा पक्ष आहे. मतदान सकाळी सात ते रात्री दहा. मोजणी कुठे त्याच रात्री, कुठे शुक्रवारी. समाजमाध्यमांवर येणारा पहिला आकडा मोजणीच्या टेबलापाशी उभ्या कार्यकर्त्याचा असतो, त्यात दोन अंक उलटे होणं नेहमीचं. अधिकृत निकालपत्रक आलं की सगळ्यांच्या मतांची बेरीज करा, वैध मतांशी जुळते का पाहा. टक्केवारी काढताना भाजक वैध मतांचाच, बाद मतपत्रिका त्यात नकोत. मतदानाच्या टक्क्यात मात्र काही कौन्सिल बाद मतं धरतात, काही नाही; तुम्ही एकच ठरवा. मतं समान पडली तर चिठ्ठ्या किंवा काड्या काढतात. नॉर्थम्बरलँडच्या साउथ ब्लाइथमध्ये २०१७ च्या नियमित निवडणुकीत दोघांना ३५६ मतं पडली आणि काडीने हुजूर पक्षाचं कौन्सिलमधलं बहुमत हुकलं.

तुमच्या वहीतले रकाने: तारीख, कौन्सिल, वॉर्ड, वॉर्डातल्या एकूण जागा, रिकामी होण्याचं कारण, जागेचा मागचा पक्ष आणि वर्ष, पायाचं वर्ष, पायाच्या वेळी प्रत्येक पक्षाचे किती उमेदवार, त्यांची सर्वाधिक मतं, आजची मतं, मतदार यादीतली संख्या, मतपत्रिका, टक्के, फरक, आणि देशपातळीवरच्या फरकाशी तुलना. उमेदवारांच्या संख्येचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात.

तुम्ही भारतीय नागरिक म्हणून तिथे राहत असाल तर एक सांगून ठेवतो: राष्ट्रकुल देशाचा नागरिक या नात्याने, राहण्याची परवानगी असेल तर कौन्सिलच्या मतदार यादीत नाव घालता येतं. नाव मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी नोंदलेलं हवं. इंग्लंडमध्ये २०२३ पासून केंद्रावर छायाचित्राचं ओळखपत्र लागतं, आणि भारतीय पासपोर्ट चालतो.

निकालपत्रकाची प्रत मात्र त्याच आठवड्यात आपल्याकडे उतरवून घ्या. १ एप्रिल २०२३ ला कंब्रिया, नॉर्थ यॉर्कशर आणि सॉमरसेटमधल्या जिल्हा कौन्सिल विसर्जित होऊन मोठ्या कौन्सिल झाल्या, आणि आता इंग्लंडच्या आणखी काउंट्यांत तसंच होऊ घातलंय. कौन्सिल गेली की तिचं संकेतस्थळही आज ना उद्या बंद होतं, आणि पायाच्या वर्षी तुमच्या वॉर्डात कुणाला किती मतं पडली होती हे विचारायला कुणी उरत नाही.